पेजेची पंगत

"आईच्या पुण्यतिथीला पेज?"

भाऊंनी टोपावरचं झाकण उचललं, आत डोकावून बघितलं आणि झाकण असं आदळलं की भटारखान्यातली सगळी माणसं वळून बघायला लागली.

"वड्यांचं पीठ संपलं आपल्या घरातलं, की अक्कल संपली?"

प्राचीनं झाकण नीट बसवलं. संताप तिलाही आला होता. पण सणवाराला सासऱ्यांशी सकाळी सकाळी जुंपली की दिवसभर घरात कोणाचीच धडगत नसते, हे तिला राऊळांच्या घरात आल्यावर पहिल्याच वर्षी कळलं होतं.

"पीठ आहे, बाबा. अक्कलही आहे. तुमचे वडे होतायत ना तिकडे? होऊ देत. ही पेज ज्यांना वडा गिळवत नाही त्यांच्यासाठी."

"माझ्या पंगतीला वडा गिळवत नाही, असं आजवर एकही माणूस मला बोललेला नाही."

"तेच तर म्हणतेय मी. बोलत नाहीत."

भाऊंना उत्तर द्यायचं नसलं की ते कामाला लागत, तसे लागले. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याच्या पातेल्यावर वाकले. नैवेद्याआधी चव घ्यायची नसते, म्हणून नुसता वास घेतला आणि मसाला कमी पडलाय म्हणून आचाऱ्याच्या अंगावर ओरडले. आचाऱ्यानं मुकाट्यानं आणखी मसाला घातला.

परळच्या त्या गल्लीत जयवंत राऊळांना जयवंत म्हणणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकीच उरली होती. लहानथोरांचे ते भाऊ. त्यांच्या आईनं, रमाबाईंनी, गिरण्या धडधडत होत्या तेव्हा ही खानावळ काढली. कोकणातून एकटे आलेले कामगार इथे लांबलचक लाकडी बाकांवर बसून जेवायचे आणि रमाबाई वड्यांची टोपली कमरेवर घेऊन त्यांच्यामधून फिरायच्या. "घे रे आणखी एक, रात्रपाळीक उभो कसो रवतलंस?" असं म्हणत वडा पानात पडायचाच, हात आडवा घालून उपयोग नसायचा. पुढे गिरण्या बंद पडल्या, बाकं ओस पडली. मग जवळच्या मोठ्या हॉस्पिटलबाहेर फूटपाथवर पथारी टाकून राहिलेली गावोगावची कॅन्सरची माणसं रमाबाईंनी हाताला धरून आणली आणि त्याच बाकांवर बसवली. त्यांच्यामागे भाऊंनी ही पंगत चालू ठेवली, एक दिवस खंड पडू दिला नाही. आईचा आवाज त्यांना मिळाला होता, आईची माया मिळाली होती आणि आईचा आग्रहही. गिरणीत आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाला जो आग्रह मानवायचा, तोच ते आता घशाला कोरड पडलेल्या, तोंड सोललेल्या माणसाला करत होते. जेवणारा बदललाय हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

प्राचीलाही ते कळलं नसतं. गेल्या वर्षी तिच्या सासूला, सरोजिनीला, गळ्याचा कॅन्सर झाला तेव्हा कळलं.

ती गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही, असं भाऊंनी बजावलं होतं. "इतकी वर्षं आपण ह्या माणसांना जेवू घातलं, आणि आपल्याच घरात हा आजार? लोक आईच्या पुण्याईवर बोट ठेवतील." म्हणून गल्लीत सांगण्यात आलं की सरोजिनी गुडघ्याच्या उपचाराला गावी गेली आहे. खरं म्हणजे ती कॉटन ग्रीनला, मुलाच्या आणि सुनेच्या फ्लॅटमध्ये होती. प्राचीनं ऑफिसात रजा टाकली आणि सासूला रोज किरणांचे शेक घ्यायला घेऊन गेली. तिथल्या रांगेत तिला पंगतीतली ओळखीची तोंडं भेटायला लागली. बार्शीकडची मालन तिथेच भेटली. मिसरीनं तिचा गालाचा आतला भाग नासला होता.

"तुमचे भाऊ लई मायेनं वाढत्यात हो," मालन म्हणाली होती. "न्हाई म्हणवत न्हाई. मग आम्ही वडा हळूच पदरात घेतो आन् भाईर कुत्र्याला घालतो. भाऊंना सांगू नगा, जिवाला लावून घेतील."

प्राचीनं सांगितलं नाही. पण त्या दिवशी घरी येऊन तिनं पहिल्यांदा उकड्या तांदळाची पेज मऊ घोटली, आणि सासूनं ती घोट घोट करत सगळी संपवली.

सासू बरी होऊन परळला परतली, तरी प्राचीचं हॉस्पिटलात जाणं-येणं थांबलं नाही. दुपारच्या वेळी खानावळ रिकामी असायची. उपचार संपलेल्या मालनला आणि तिच्यासारख्या आणखी काही जणांना तिनं तिथे बोलावलं आणि नव्यानं आलेल्यांना त्यांच्यासमोर बसवलं. हॉस्पिटलच्या कुठल्या खिडकीवर आधी जायचं, केस गळायला लागले की रुमाल कसा बांधायचा, रात्री भीती वाटली की कोणाला फोन करायचा, हे सगळं तिथे बोललं जायला लागलं. बघता बघता दुपारची बाकं सकाळपेक्षा जास्त भरायला लागली. भाऊ त्याला सुनेचं खूळ म्हणायचे आणि सोडून द्यायचे. आज मात्र सोडून देण्यासारखं नव्हतं. आज ते पंगत दुसऱ्याच्या हाती सोपवणार होते.

ते त्यांनी नैवेद्याचं पान वाढायच्या आधीच, मागच्या खोलीत, सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"माझे पाय आता चालत नाहीत. उद्यापासून पंगत अवधूत बघणार. जेवणं झाली की बाहेर जाहीर करतो."

अवधूत म्हणजे भाऊंचा धाकटा भाऊ. माणूस मनानं वाईट नव्हता. पण मंडळाच्या स्टेजवर त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि जिथे माईक नाही तिथे काही चांगलं घडू शकतं यावर त्याचा विश्वास नव्हता. आत्तासुद्धा तो गुंडाळलेला फ्लेक्स खांद्यावर घेऊनच आला होता.

"दादा, तू टेन्शनच घेऊ नको," तो म्हणाला. "मी एकदम टॉप करतो सगळं. महिन्याला सत्कार ठेवू. एकेका पेशंटला शाल, श्रीफळ. पाहुणे येतील, फोटो येतील. दुपारचा हॉल मला लागेल फक्त."

"दुपारी माणसं बसतात तिथे, काका," प्राची म्हणाली.

"बसतात म्हणजे गप्पाच मारतात ना? बाहेर कट्टा आहे की."

"हाताला सुई लावलेली असते त्यांच्या. तुमचं श्रीफळ धरतील कसं?"

खिडकीशी मूग निवडत बसलेल्या सरोजिनीच्या तोंडून हसू फुटता फुटता राहिलं. भाऊंनी तिच्याकडे बघितलं तशी तिनं मान खाली घातली आणि गळ्याभोवतीचा पदर घट्ट केला. उपचारानंतर तो पदर तिनं गळ्यावरून कधी ढळू दिला नव्हता. आवाज खरखरीत झाला होता, त्याचं खापर ती गावच्या पाण्यावर फोडत असे.

प्राचीनं श्वास घेतला. हे वाक्य ती आठवडाभर मनात घोळवत होती, तरी तोंडातून निघताना जीभ अडखळली.

"बाबा, पंगत मला द्या."

तिचा नवरा हितेंद्र दाराशी केळीची पानं पुसत उभा होता, त्याचा हात थांबला.

"तुला?" भाऊ म्हणाले.

"मला. ऑफिसात अख्खं डिपार्टमेंट सांभाळते मी."

"पंगत म्हणजे डिपार्टमेंट नाय, प्राची. इथे माया लागते."

हे मात्र तिला लागलं. डोळ्यांत पाणी यायच्या आत ती बोलून गेली, "आईंना इतके महिने चमच्यानं पेज भरवली, ते काय मग ऑफिसचं काम होतं?"

"हळू बोल!" भाऊंनी दार लोटून घेतलं. "बाहेर माणसं आहेत."

"प्राची, आज नको ना," हितेंद्र पुटपुटला. "आजीचा दिवस आहे. बाबांना कशाला दुखवायचं?"

नवऱ्याचं हे नेहमीचंच होतं. घरात दोन बाजू झाल्या की हा बरोबर मधल्या उंबऱ्यावर उभा राहायचा आणि वडिलांच्या बाजूला कलायचा. प्राचीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अवधूतनं फ्लेक्स भिंतीला टेकवला. त्याच्या चेहऱ्यावर एकदम तजेला आला होता. "दादा, वाद कशाला? आज दोन्ही मांडू. खिडकीकडच्या बाकांवर तुझे वडे, भिंतीकडच्या बाकांवर हिची पेज. माणसं कुठे बसतात बघू. पब्लिक ठरवेल!"

भाऊंनी मिशीवरून हात फिरवला. कढईतून वड्यांचा खमंग वास खोलीत येत होता आणि त्यांना निकालाची काळजी उरली नव्हती.

"चालेल. भिंतीकडची बाकं भरली तर पंगत तुझी. नाय भरली, तर ह्या खानावळीत पेज शिजणार नाय आणि तो दुपारचा अड्डापण बंद. कबूल?"

दुपारचा अड्डा बंद? कालच धुळ्याहून आलेली एक पोरगी तिथे मालनच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. पण आता माघार घेतली तर उद्यापासून तिथे शालींच्याच घड्या घालायच्या होत्या.

"कबूल," ती म्हणाली.

नैवेद्य झाला, पान बाहेर ठेवलं, आणि खानावळीचं दार उघडलं.

माणसं यायला लागली. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका आल्या, तोंडाला मास्क लावलेले पुरुष आले, बापाला धरून आणणारे मुलगे आले. प्राची भिंतीकडच्या बाकांपाशी पेजेचा टोप घेऊन उभी होती. शेजारी घोटलेलं मुगाचं वरण होतं, तुपावर परतलेला लाल भोपळा होता. ही सगळी माणसं तिच्या ओळखीची होती. कोणाला काय गिळवतं हे तिला पाठ होतं. ती मनात म्हणत होती, आता येतील, आता वळतील.

तिनं सगळा हिशेब केला होता, त्यात माणसांची भीड तेवढी धरायची राहिली होती.

दारात भाऊ उभे होते ना! प्रत्येकाला हात जोडून "या, या" म्हणत होते, म्हाताऱ्यांना दंडाला धरून खिडकीकडच्या बाकावर नेऊन बसवत होते. परक्या शहरात ज्या माणसानं आपल्याला नाव विचारून जेवू घातलं, त्याच्या हातातून दंड सोडवून घेऊन समोरच्या बाकावर कोण जाऊन बसेल? कोणीच बसलं नाही. खिडकीकडची बाकं भरली, माणसं दाटीवाटीनं बसली, आणि भिंतीकडे कोणी फिरकलं नाही.

मालन आली. प्राचीचा जीव तिच्यात अडकला. मालननं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा भाऊंकडे, आणि खाली मान घालून ती खिडकीकडे गेली.

अवधूत मोबाइलवर फोटो काढत होता. पेजेच्या बाजूचा त्यानं एकही काढला नाही, एवढी सभ्यता त्यानं पाळली.

प्राचीला रडायचं नव्हतं. पण आपण हरलो हे तिला स्पष्ट कळत होतं आणि आपल्यामुळे दुपारची माणसंही हरली, याचं तिला जास्त वाईट वाटत होतं. हातातली पळी कुठे ठेवावी हेसुद्धा तिला सुचेना. तेवढ्यात तिच्या बाजूला कोणीतरी येऊन उभं राहिलं. हितेंद्र होता. आपल्या हातातली वड्यांची टोपली त्यानं काकांकडे दिली होती.

"काय रे?" ती म्हणाली.

"काही नाही. तुझ्या बाजूला एक तरी राऊळ दिसू दे."

"बाबा बघतायत."

"बघू देत. आईचं करताना मी बाजूला उभा होतो, तेवढं पुरे झालं."

तिला त्याचा हात धरावासा वाटला, पण हात पेजेनं चिकट झाला होता. तिनं कोपरानं त्याला ढोसलं. त्यालाही ते समजलं.

तिकडे भाऊंना रंग चढला होता. टोपली कमरेवर, अगदी आईसारखी. "काय मालनबाई, एवढंच? गरम वडा घ्या. नको काय नको? माझ्या आईची शपथ आहे तुम्हाला."

आईची शपथ घातल्यावर मालन काय करणार? तिनं वड्याचा तुकडा मोडला, सांबाऱ्यात बुडवला आणि तोंडात ठेवला. क्षणात तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"बघ अवधूत, बघ," भाऊ भरल्या गळ्यानं म्हणाले. "माणसं कशी गहिवरतात. ही आईची पुण्याई."

प्राची पुढे झाली. भाऊंचा अपमान झाला तर होऊ दे, त्या बाईच्या पुढचं पान आधी उचलायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पण ती दोन बाकं ओलांडायच्या आत मागच्या खोलीचं दार उघडलं.

सरोजिनी बाहेर आली. पंगत चालू असताना ती कधी बाहेर येत नसे. ती सरळ भिंतीकडच्या रिकाम्या बाकांपर्यंत चालत गेली, मधोमध बसली आणि समोरचं पान आणि पेजेची वाटी आपल्याकडे ओढली.

"प्राची, माका पेज वाढ गो."

आवाज खरखरीत होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. भाऊ टोपली घेऊन तिथेच थांबले.

"सरू, तू वर घरी जा. तुझं पान वर पाठवतो."

"वर जाऊन काय करू? माणसं हयसर आसत."

आणि मग तिनं गळ्याभोवतीचा पदर काढला. गळ्याची कातडी शेकांनी काळवंडली होती, एका बाजूनं आवळली होती. समोर बसलेल्यांना ती कशानं तशी होते हे सांगावं लागत नव्हतं. खिडकीकडे जेवणारे हात एकेक करून थांबले.

"मी गावाला नव्हते गेले," सरोजिनी म्हणाली. मध्ये मध्ये तिला आवंढा गिळायला थांबावं लागत होतं. "गुडघे माझे धडधाकट आहेत. मला कॅन्सर झाला होता, गळ्याचा. इथेच, तुमच्या रांगेत बसून शेक घेतले मी. तुमच्यातल्या काहींनी मला बघितलं, आणि घरचे लपवतात म्हणून तुम्हीपण ओळख नाही दाखवली. उपकार झाले. पण आता पुरे. मला वडा अजून गिळवत नाही. सासूबाई असत्या तर त्यांनी मला आज वडा वाढला नसता."

तिनं खिडकीकडच्या बाकांकडे मान वळवली.

"ज्यांना वडा जातो त्यांनी पोटभर खावा. आमचे हे प्रेमानं करतात. ज्यांना जात नाही, त्यांनी इथे माझ्या बाजूला या. एकटीला जेवण जात नाही हो मला."

आधी मालन उठली. डोळे पुसत आली आणि सरोजिनीला खेटून बसली. मग मास्क लावलेला एक म्हातारा उठला, त्याच्या मागे धुळ्याची पोरगी. मग इतकी माणसं एकदम उठली की बाकांच्या मधल्या वाटेत गर्दी झाली, आणि हितेंद्रला "सावकाश, सावकाश, पुरून उरेल" असं ओरडावं लागलं. खिडकीकडे राहिले ते सोबतीला आलेले नातेवाईक. रात्रंदिवस धावपळ करून त्यांची पोटं खपाटीला गेली होती. त्यांनी वडे मनापासून खाल्ले, हात चाटून खाल्ले. भाऊंच्या टोपलीतलं काही वाया गेलं नाही.

प्राची वाढत होती आणि रडत होती. रडणं लपवायचा आता तिला कंटाळा आला होता. पेजेचे भुरके सगळ्या खानावळीत ऐकू येत होते. मास्क हनुवटीखाली ओढून बसलेल्या त्या म्हाताऱ्यानं वाटी पुसून साफ केली आणि मान वर करून विचारलं, "बाई, आणखी आहे का?"

प्राचीनं टोप तिथेच खाली ठेवला. कितीतरी वर्षं ह्या बाकांवर पेशंट जेवत होते. नको म्हणता न आल्यामुळे त्यांनी घेतलं होतं, शपथेखातर घेतलं होतं, पदरात लपवलं होतं. स्वतःच्या तोंडानं आणखी मागितलेलं तिनं आज पहिल्यांदा ऐकलं.

"आहे ना, काका," ती म्हणाली. "वाट्टेल तेवढी आहे."

भाऊ मधल्या वाटेत उभे होते. कमरेवरची टोपली रिकामी झाली होती. प्राचीला वाटलं होतं की ते चिडतील, तरातरा निघून जातील, आणि तसे गेले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण त्यांचा चेहरा पडला होता. ते भांडणात हरलेल्या माणसासारखे दिसत नव्हते, घाबरल्यासारखे दिसत होते. ते हळूहळू चालत आले आणि बायकोच्या समोरच्या बाकावर बसले.

"एवढ्या लोकांत सांगितलंस, सरू."

"ह्यांका न्हय तर कोणाक सांगू?"

भाऊंनी मालनकडे बघितलं. "मालनबाई, मघाशी तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, ते..."

"सांबारं झोंबलं, भाऊ. तोंड अजूनबी समदं सोललंय आतनं."

"मग बोलायचं नाही?"

"तुमी आईची शपथ घातली की."

भाऊंनी कपाळाला हात लावला. सरोजिनीनं बोट बुडवून पेजेचा अंदाज घेतला, फुंकर घातली आणि नवऱ्याकडे न बघता जेवत राहिली. शेवटी भाऊ खाकरले. शेजारच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि जरा चाचरत विचारलं, "तुम्हाला काय काय जातं, काका? म्हणजे... काय खावंसं वाटतं?"

"ताकात कुस्करलेली भाकरी," म्हातारा म्हणाला. जणू कोणीतरी विचारेल म्हणून तो कधीपासून बसला होता.

"आणि तुला गो?"

"इडली. पण दुधात भिजवून," धुळ्याची पोरगी म्हणाली.

मग काय विचारता! दहीभात, साबुदाण्याची खीर, रव्याची लापशी, पिकलं केळं दुधात कालवून, सगळी बाकं एकदम बोलायला लागली. कोणी लाजून गप्प बसलं तर भाऊ त्याला सोडेनात. "नाही कसं? काहीतरी आवडत असेलच. सांगितल्याशिवाय मी इथून हलणार नाही." आग्रहाची सवय अशी एका दिवसात थोडीच जाणार? आता ते उत्तराचा आग्रह करायला लागले होते.

अवधूतनं भिंतीकडच्या बाकांचा फोटो काढला. मग आणखी एक काढला. "दादा, बाकं भरली. माणसं उभी आहेत," तो म्हणाला. "मी बोललेलो ना, पब्लिक ठरवेल म्हणून? आयडिया कोणाची होती?"

"तुझीच रे बाबा, तुझीच," भाऊ म्हणाले. "तो फ्लेक्स तेवढा घरी ने."

ते उठून मधल्या वाटेत उभे राहिले. त्यांना माईक कधीच लागला नव्हता.

"मंडळी, ऐका! माझ्या आईनं ही पंगत सुरू केली. मी चालवली, जशी मला समजली तशी. आजपासून ही पंगत माझी सून बघणार. सकाळपण तिची आणि दुपारपण तिची. ती सांगेल ते शिजेल. आणि माझ्या घरात कॅन्सर झाला होता, हे मी लपवून ठेवलं होतं. माझी बायको त्यातून उठून आज इथे जेवायला बसली आहे. हेही सगळ्यांना सांगा."

बाकांवर टाळ्या वाजल्या, ज्यांच्या हाताला सुई होती त्यांनी बाकावर थापा मारल्या. भटारखान्यातला आचारी बाहेर येऊन ओरडला. हितेंद्रनं बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, बापासमोर, आयुष्यात पहिल्यांदा. प्राचीला पुढे ढकललं गेलं. "बोला, बोला," सगळे म्हणायला लागले.

तिला पुष्कळ बोलायचं होतं. दुपारच्या माणसांबद्दल, पेजेबद्दल, मालनबद्दल. अभिमानानं तिचा ऊर भरून आला होता. तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मालननं हात वर केला.

"ताई, एक सांगू का?"

"सांगा ना."

"पेजेत मीठ लई पडलंय."

प्राचीचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं स्वतः मीठ घातलं होतं, आपल्या जिभेच्या अंदाजानं.

"मऊ झालीय, ग्वाड हाय," मालन बिचकत म्हणाली. "पन जिथं सोललंय तिथं मीठबी झोंबतं. उद्या टोप उतरवायच्या आधी मला चाखाया बोलवा. मी येते सकाळी."

"मीपण येते," पलीकडून कोणीतरी म्हणालं. "जिरं पण नको ओ त्यात. टोचतं."

"आणि गरम फार आहे," म्हातारा म्हणाला.

भाऊ कमरेवर हात ठेवून सुनेकडे बघत होते. त्यांच्या मिशीआड हसू मावत नव्हतं.

"बघितलंस? इतकी वर्षं वाढलं, मला कोणी एका शब्दानं बोललं नाही. आणि तू पहिल्याच दिवशी बोलणी खाल्लीस."

"हो, बाबा," प्राची डोळे पुसत हसली. "जिंकले मी."